मिशनऱ्यांचा ‘फावला’ दिवस आणि वारल्यांची उत्तरे

धर्मप्रसाराच्या दौऱ्यावर परदेशी निघालेले मंडळ एखादा दिवस स्थलदर्शनासाठी राखून ठेवते. लेणी, डोंगरावरची मंदिरे, धबधबा, राजवाडा. अहवालात या दिवसाच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि इतिहासाचे अभ्यासकही त्याकडे विरंगुळा म्हणूनच पाहतात. ही उपेक्षा अन्यायाची आहे. पश्चिम भारतापुरते बोलायचे तर मिशनऱ्यांच्या प्रवचनांपेक्षा त्यांच्या भटकंतीनेच इतिहासाच्या पदरात अधिक टाकले. जव्हार-मोखाड्याचा परिसर समजून घेताना तर हे पदोपदी जाणवते.

उदाहरण जॉन विल्सन यांचे. हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले, कोकणात बाणकोट-हर्णै येथे राहून मराठी शिकले आणि पुढे आयुष्यभर मुंबईतच रमले. विल्सन महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. गृहस्थ वादपटू होते. मोरभट दांडेकरांशी त्यांचा झालेला धर्मवाद त्या काळच्या मुंबईत गाजला होता. समोरच्याला प्रश्नांच्या कोंडीत पकडावे आणि त्याचा धर्म किती पोकळ आहे हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, ही त्यांची रीत.

१८३५ मध्ये गुजरात-काठेवाडच्या प्रचारदौऱ्यात ते जुनागढला पोहोचले. गिरनारची मंदिरे पाहण्याचा मोह कोणाला आवरतो? डोंगराच्या पायथ्याशी एक भलामोठा कोरीव शिलाखंड आहे. कर्नल टॉड यांनी तो १८२२ मध्येच पाहिला होता, पण लिपी लागत नव्हती. विल्सन यांनी लेखाची नक्कल करवून घेतली आणि ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. १८३७ मध्ये प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपी उलगडली. पुढच्याच वर्षी गिरनारच्या मजकुरात त्यांना ‘अंतियोक’ आणि ‘तुरमाय’ ही ग्रीक राजांची नावे सापडली आणि अशोकाचा काळ प्रथमच जगाच्या कालपटावर पक्का बसला. त्या दौऱ्यात वाटलेल्या धर्मपत्रिका कधीच विरून गेल्या. वाटेत सहज पाहिलेला खडक मात्र पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

गिरनारला निदान राजाचा लेख होता. उत्तर कोकणच्या जंगलात विल्सन यांना भेटली ती लेख न ठेवणारी माणसे. वारली आणि कातकरी यांच्याविषयीचा त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ मध्ये छापला गेला. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते. आजचे जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे तालुके म्हणजे वारल्यांच्या वस्तीचा गाभा. या वृत्तांताचा उत्तम भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. विल्सन यांनी देवाचे नाव ‘वाघ्या’ असे नोंदवले, आज ज्याला वाघोबा किंवा वाघदेव म्हणतात तोच हा देव.

वादपटू मिशनरी नेहमीच्या वाटेने निघतो. तुम्ही कोणाला पुजता? वाघ्याला. त्याला देता काय? कोंबडी, बकरा, नारळ, तेल. तो काय देतो? वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो. मग ठरलेला सापळा येतो: दगड हे सारे कसे करील? इथे वारली अडखळत नाही. जिथे दगड आहे तिथे दगडावाचून आणखीही काही आहे, असे तो सांगतो. ते काय, हे आपल्याला ठाऊक नाही, वाडवडिलांनी दाखवले तसे आपण करतो, हेही तो निःसंकोच मान्य करतो. पुढे विल्सन विचारतात, देवाला कधी रागे भरता का? अर्थातच, असे उत्तर येते. कोंबडे दिले, बकरा दिला, तरी आम्हाला मारतोस, आता तुला आणखी काय हवे, असे खडसावतो. त्याला मारता का? कधीच नाही. मग स्तुती जास्त करता की खरडपट्टी काढता? खरडपट्टी.

देव आणि भक्त यांच्या या रोखठोक व्यवहाराशी कोणती धर्मव्याख्या वाद घालणार? सापळा रिकामाच राहिला आणि विल्सन यांचे मोठेपण असे की त्यांनी ती उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली.

समाजमाध्यमांवर या विषयाचे दोन तट दिसतात. एकाच्या मते मिशनऱ्यांचे सारे लेखन धर्मांतराचे हत्यार, म्हणून त्याज्य. दुसऱ्याच्या मते त्यांच्याच उपकाराने आपल्याला इतिहास कळला. दोन्ही भूमिका आळशी आहेत. हेतू धर्मांतराचाच होता, हे स्वतः विल्सन यांनीही नाकारले नसते. पण प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू उत्तर देणाऱ्याला बांधून ठेवत नाही. अभ्यासकाने प्रश्नामागचा पूर्वग्रह ओळखावा आणि उत्तर कान देऊन वाचावे.

अर्थात न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही साधनात सापडत नाहीत. शंभर वर्षांनी, १९४५ च्या सुमारास, गोदावरी परुळेकर याच मुलखात आल्या. त्यांचे प्रश्न देवाचे नव्हते. वेठीचे, जमिनीचे, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराच्या घरी राबणाऱ्या लग्नगड्याचे होते. त्यातून ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक उभे राहिले. वाघोबा आणि सावकार दोघेही एकाच रानात होते. ज्याने जे विचारले ते त्याला दिसले.

आज जव्हारला येणाऱ्या सेवागटांच्या ‘मोकळ्या’ दिवसाकडे याच दृष्टीने पाहायला हवे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी या तालुक्याचे नाव देशभर झाले आणि बाहेरच्यांच्या नजरेत जव्हार-मोखाडा म्हणजे केवळ कुपोषण, असे समीकरण बसले. परदेशातून आलेला चर्चचा गट असो वा मुंबईच्या महाविद्यालयाचे शिबिर, सकाळी वह्यावाटप किंवा आरोग्यतपासणी आणि दुपारी जयविलास राजवाडा, दाभोशाचा धबधबा, सनसेट पॉइंट. जमल्यास तासभर वारली चित्रकलेची कार्यशाळा. त्रिकोण, वर्तुळ, तारपा वाजवणारा, झाले. लग्नाचा चौक कोण लिहिते, त्यातली पालघाट देवी कोण, धवलेरी गाते ती गाणी कशाची, हे विचारायला सवड नसते. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे घालून रात्रभर देव नाचतात. तिथेही पाहुणे छायाचित्रे काढतात आणि निघतात. सेवा करणाऱ्याला ऐकण्याची गरज वाटत नाही, देण्यातच त्याचे भागते. याबाबतीत १८४३ चा मिशनरी आजच्या पाहुण्यापेक्षा सरस ठरतो, हे कबूल करायला जड जाते, पण ते खरे आहे.

या मुलखात फिरायला जाणाऱ्या इतिहासप्रेमींनी म्हणून मोबाइलबरोबर एक वहीही न्यावी. वाघबारशीच्या सुमारास गेल्यास उत्तम. नोंद करताना गावपाड्याचे नाव, तिथी, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे नाव आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवावेत. वाघोबा म्हणजे काय, हे त्याला शिकवू नये. आणि आपण विचारलेला प्रश्नही तसाच्या तसा लिहावा, कितीही बावळट वाटला तरी.