यंत्राच्या पोटातील यंत्र

गणिताची गोडी असलेले मूल घरात असावे आणि संगणक मात्र घरात एकच असावा, ही स्थिती आमच्या बालाघाटातील मराठी कुटुंबांना अपरिचित नाही. त्याच यंत्रात दुकानाचा हिशेब, आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद आणि लग्नकार्याची छायाचित्रे. साहजिकच, ‘त्यात नवे काही घालू नकोस, बिघडेल’ हा घरचा पहिला दंडक. ही भीती अनाठायी नाही. पण तिच्यापायी मुलाचे कुतूहल कोमेजू द्यावे काय?

‘सेज’ हे गणिताचे सॉफ्टवेअर विल्यम स्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने २००५ साली सुरू केले. ते विनामूल्य आहे आणि त्याची अंतर्रचना कोणासही पाहता येते. २०१० साली मुंबईच्या आय.आय.टी.त त्यावर मेळावाही भरला होता. त्याची घडण युनिक्सच्या कुळातील असल्याने विंडोजवर ते सरळ चालत नसे. त्यावर तोड निघाली ती आभासी यंत्राची. मोठ्या वाड्यात भाडेकऱ्यास स्वतंत्र बिऱ्हाड द्यावे, त्याप्रमाणे एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक थाटावयाचा. आय.बी.एम. कंपनीने ही सोय १९७२ सालीच आपल्या मोठ्या यंत्रांसाठी दिली होती; पुढे व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनांनी ती घरोघरी आणली.

सेजचे असे तयार बिऱ्हाड पूर्वी मिळत असे. ते उघडताच समोर वहीसारखे पान येई आणि कमांड लाइन, म्हणजे यंत्राला शब्दांत आज्ञा देण्याची जागा, त्या पानाआड लपलेली असे. तेथे पोचण्याची किल्ली व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘यजमान कळी’त असते. कळफलकावरील उजवीकडील कंट्रोल हीच सहसा ती कळ. तिच्यासह एफ-२ दाबले की लिनक्सचा काळा पडदा येतो आणि नाव व परवलीचा शब्द विचारतो.

आता विंडोजवर डब्ल्यू.एस.एल. ही सोय असून तिच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सचे लहानसे आभासी यंत्रच चालते. तेथे पहिली भेट काळ्या पडद्याशीच होते. सेज त्यात बसविल्यावर त्याचे नाव लिहून एंटर दाबावे. तेच नाव आणि पुढे दोन ठिपके उमटले की यंत्र प्रश्नाची वाट पाहत आहे असे समजावे.

प्रश्न कोणता विचारावा? आमची सूचना भास्कराचार्यांची आहे. कोणत्या पूर्णांकाच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविले असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो? १६५७ साली फ्रान्सच्या फर्माने हे कोडे युरोपातील गणितज्ञांना घातले. पण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘बीजगणित’ ग्रंथात चक्रवाल पद्धतीने २२६१५३९८० हे उत्तर काढले होते. मुलाने तो ताळा यंत्राकडून करून घ्यावा: बेरजेचे वर्गमूळ १७६६३१९०४९ येते. हाच पडताळा कागदावर करावयास बसले तर दुपार सरेल. यंत्र ताळा क्षणात करते खरे. परंतु रीत शोधली ती माणसाने, हेही त्याच वेळी मुलास सांगावे.

पालकांनी एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. व्हर्च्युअलबॉक्सच्या बिऱ्हाडातून, आपण होऊन सामायिक कप्पा दिला नाही तर, घरचे कागद दिसत नाहीत. शिवाय प्रयोगापूर्वी त्याच्या स्थितीचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवला तर बिघाड झाल्यावर पूर्वस्थितीस परतता येते. डब्ल्यू.एस.एल.मधून मात्र विंडोजचे कप्पेही सहज उघडतात. तेथे पुसून टाकण्याची आज्ञा चुकून दिली तर आजोबांचे कागदही जातील. म्हणून महत्त्वाच्या कागदांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी.

इतके केल्यावर मुलास खुशाल चुकू द्यावे. बटणे दाबणाऱ्यास यंत्र ठरीव उत्तरे देते. आज्ञा लिहिणाऱ्यास आधी स्वतःचा प्रश्न नेमका मांडावा लागतो. नागपूर वा जबलपूरच्या महाविद्यालयात जाण्यापूर्वीच ही सवय घरी लागली, तर त्या एकाच संगणकाचे मोल दामदुपटीने वसूल झाले असे आम्ही समजू.