चालत होतं, तर सोडलं का?

कॅराओके नावाच्या साथीबद्दल विस्ताराने लिहीत नाही. एवढंच सांगते, की आमच्या सोसायटीच्या कोजागरीला गच्चीवर आता मसाला दुधापेक्षा माइक जास्त फिरतो. यंदा आमच्या सेक्रेटरींनी थेट ‘आप जैसा कोई’ला हात घातला. उभा जन्म रफीवर पोसलेल्या गळ्याने त्या गाण्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात हरकत घ्यायला जागाच नाही, आणि यांनी तर प्रत्येक ओळीला एकेक घेतली. पण माझं डोकं फिरलं ते नंतरच्या भाषणाने. “ही नाझिया हसन! कुठल्या कुठे पोचली असती. चांगलं चालत होतं, तर सोडलं का? वाया घालवलं सगळं.”

वाया?

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी भराभर सांगते. नाझिया कराचीची, जन्म १९६५चा, बालपण थोडं तिथे, थोडं लंडनमध्ये. फिरोज खानने ‘कुर्बानी’साठी तिला ‘आप जैसा कोई’ गायला लावलं तेव्हा शाळकरी पोर होती. चित्रपटाची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची. हे एकच लंडनच्या बिद्दूचं, म्हणजे मूळच्या बंगळूरच्या आणि ‘कुंग फू फायटिंग’ गाजवणाऱ्या बिद्दूचं. १९८०ला चित्रपट आला आणि पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर तिने दहावी-अकरावीच्या वयात नेलं. १९८१ला भाऊ झोहेबबरोबर ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम, मग ‘बूम बूम’, ‘यंग तरंग’, ‘हॉटलाइन’ आणि १९९२ला शेवटचा ‘कॅमेरा कॅमेरा’. दरम्यान कायद्याचं शिक्षण, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत नोकरी. ऑगस्ट २०००मध्ये लंडनला कर्करोगाने गेली, अवघ्या ३५व्या वर्षी.

आमच्या घरी हा आवाज रेडिओतून आला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, “हिला पडसं झालंय का?” लता-आशावर कान तयार झालेल्या घरात हा सपाट, किंचित नाकातला, नटणं-मुरडणं ठाऊकच नसलेला आवाज म्हणजे पाहुणी चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरल्यासारखा होता. आठवड्याभरात तीच आई गहू निवडताना तीच चाल गुणगुणताना सापडली. विचारल्यावर म्हणाली, “छे, मी कुठे?”

‘डिस्को दीवाने’ची कॅसेट आमच्या आळीत एकच होती. मस्कतहून टेपरेकॉर्डर आलेलं एक घर होतं, त्यांची. ती घरोघरी उसनी फिरायची, आणि एका फेरीत तिच्यावर घाला पडला. कॅसेटवर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून कडेला एक खाच उघडी ठेवलेली असते. कुणा पुण्यवंताने त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि घरातली मुंज टेप करून घेतली. गाणं ऐन रंगात आलेलं असायचं, नाचणारे हात वर गेलेले असायचे, आणि मध्येच “सावधान!” मग वाजंत्री, कुणाचं तरी रडकं पोर, “अक्षता इकडे द्या” असा एक करडा आवाज, आणि पुन्हा डिस्को. आम्ही तशीच ऐकली, कारण दुसरी आणणार कुठून? पुढे पुढे तर त्या ‘सावधान’वर सगळे मिळून ओरडायचो. अजूनही ते गाणं कुठे लागलं की माझे कान भटजींची वाट बघतात.

असो. वाया घालवण्याबद्दल बोलत होते.

सेक्रेटरींची नात नऊ वर्षांची आहे आणि तिला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पाठवायचं घरात ठरलंय. पहाटे रियाज, संध्याकाळी क्लास, शाळेला वरचेवर दांडी. घसा बसेल म्हणून आइस्क्रीम बंद, चिंचा बंद. परवा गच्चीवर सगळी पोरं दुधाच्या मिशा लावून हुंदडत होती आणि ही मफलर गुंडाळून खुर्चीत. हे जमेच्या बाजूला. आणि जी गायली, जगभर ऐकली गेली, शिकली, नोकरीला लागली, तिचं म्हणे वाया गेलं! शेवटी आजारपण होतं, सगळंच तिच्या मर्जीने झालं असं मी म्हणत नाही. पण सोळाव्या वर्षी जे जमलं तेच साठाव्या वर्षी चकचकीत कपडे घालून करत बसली असती, तर सेक्रेटरींनीच आधी नाक मुरडलं असतं.

आणखी एक गोष्ट मला या बाईबद्दल फार आवडते. झिया उल हक यांची राजवट संपल्यावर पाकिस्तानी टीव्हीवर ‘म्युझिक ८९’ नावाचा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन या बहीण-भावाचं, आणि मंच ‘व्हायटल साइन्स’सारख्या नव्या पोरांच्या बँडना. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, स्वतःचं नाव एवढं चालत असताना, दुसऱ्यांना पुढे करत होती. आमच्या गच्चीवर माइक दुसऱ्याच्या हातात जायला किती वेळ लागतो, ते मी बघितलंय.

माझ्या कॉलेजातल्या भाचीच्या लेखी ‘डिस्को दीवाने’ हे २०१२च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मधलं, आलिया भटचं गाणं आहे. संतापून मी तिला नाझियाचं मूळ गाणं पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, “मावशी, हे रिमिक्स कुणी केलंय? ओरिजिनलपेक्षा भारी आहे!”