लावणी एकाच वेळी, साधने हाताशी

गार्डन रीचच्या गोदीसमोर उभे राहिले की इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे मन १९४२ कडे वळते. रंगून पडले आणि कलकत्ता बंदरात येणारा ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. जपानी आक्रमणाच्या धास्तीने सरकारने किनारी बंगालमधील हजारो नावा काढून घेतल्या. अनेक शेतकऱ्यांची शेताची वाटच तुटली. १९४३ च्या दुष्काळाने लाखो बळी घेतले.

तरीही अन्नसुरक्षेची चर्चा गोदामांपाशीच थांबते. अल्पभूधारकांनी सामाईक रोपवाटिका करून एकाच सुमारास भातलावणी केली, तर पाण्याच्या पाळ्या जुळतात आणि खोडकिडा, तुडतुडे यांना शेतामागून शेत मिळत नाही. मात्र बियाणे व पाणी वेळेवर पोहोचले नाही, तर हा मेळ मोडतो. धान्य साठवण्याआधी शासनाने पिकवणाऱ्याची साधने राखावीत.