साप्ताहिक सरले, दप्तराचे काय?

विमानविद्येला वाहिलेले 'फ्लाइट' हे साप्ताहिक २ जानेवारी १९०९ रोजी इंग्लंडमध्ये सुरू झाले, तेव्हा विमानाने इंग्लिश खाडी कोणी ओलांडली नव्हती. फ्रेंच वैमानिक ब्लेरियो यांनी तो पराक्रम त्याच वर्षी जुलैमध्ये केला. बाल्यावस्थेतील विद्येवर दर आठवड्याला अंक काढण्याचे स्टॅन्ली स्पूनर यांचे धाडस पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकले. १९६२ मध्ये त्याचे नाव 'फ्लाइट इंटरनॅशनल' झाले. २०१९ मध्ये मालकी बदलली आणि करोनाने विमाने जमिनीवर आणली, त्या २०२० मध्ये साप्ताहिकाचे मासिक झाले.

या घडामोडीशी मुंबईचाही संबंध आहे. जुहूचा विमानतळ १९२८ मधील. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईतच वैमानिकाचा परवाना मिळाला. इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले. ते १९३० मध्ये अस्पी इंजिनीअर यांनी पटकावले. टाटा मागे पडले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले.

आज या प्रसंगांकडे उद्योगपती टाटा आणि हवाई दलप्रमुख इंजिनीअर यांच्या थोरवीच्या प्रकाशात पाहिले जाते. १९३० मध्ये मात्र ते दोन होतकरू तरुण होते. हवाई शर्यती, फ्लाइंग क्लब व टपालमार्ग यांचे वृत्तांत देणाऱ्या साप्ताहिकाला पुढचे काही ठाऊक नसते. म्हणूनच त्याची साक्ष आठवणींपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

ही साक्ष जपण्याचा प्रश्न मात्र बिकट आहे. 'फ्लाइट'चे जुने अंक संगणकावर उतरवून इंटरनेटवर विनामूल्य खुले करण्यात आले होते. जगभरचे अभ्यासक त्यावर विसंबले. पुढे तो संग्रह बंद झाला. छापील अंकांची बांधीव पुस्तके ज्या ग्रंथालयांनी जपली, तेथील वाचकांची वाट तेवढी खुली राहिली.

मराठीलाही हा धडा लागू आहे. जुहू विमानतळाच्याच वर्षी, १९२८ मध्ये, पुण्यात 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानविषयक मासिक निघाले. अशा नियतकालिकांचे जुने अंक संगणकावर आणणे निकडीचेच आहे. तथापि, ते काम झाले म्हणून कागदी संच रद्दीत काढणे आत्मघातकी ठरेल. संकेतस्थळ मालकाच्या मर्जीवर चालते. ग्रंथालयाचे कपाट वाचकांच्या हक्काचे असते.