सोबतीच्या प्रवासांतील दिल्ली

गृहस्थास कचेरीच्या कामासाठीं चार दिवस दिल्लीस जावें लागतें आणि तो पत्नीस बरोबर नेतो. हल्लीं पत्नी परिषदेस आणि पति सोबतीस, असेंहि घडूं लागलें आहे. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी विचारतात, ‘तेथें हिचें काय काम?’ प्रश्न अगदींच गैर नाहीं. काम करणारा सकाळीं बाहेर पडतो तो दिवेलागणीस परततो; सोबतीचें माणूस हॉटेलच्या खोलींत बसून त्याची वाट पाहतें, आणि घरीं आल्यावर ‘दिल्ली पाहिली’ म्हणून सांगतें. असा प्रवास न केलेला बरा, हें आम्हांसहि मान्य आहे.

परंतु एकत्र कुटुंबांत वावरणाऱ्या गृहिणीस सबंध दिवस सर्वस्वीं स्वतःचा असा वर्षांतून कितीदां लाभतो? मुलांच्या शाळा, आलागेला, वृद्धांचीं पथ्यें यांतून तिला तास दोन तास मिळाले तरी पुष्कळ. सोबतीच्या प्रवासांत असे तीन चार दिवस आयते हातीं येतात. ते कसे घालवावे, याविषयीं दोन शब्द लिहावेसें वाटतें.

आमची पहिली सूचना अशी कीं, एका दिवशीं शहराचा एकच भाग पाहावा. प्रथम रायसीना टेकडीकडे जावें. राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा १९११ च्या दरबारांत झाली आणि नवी दिल्ली १९३१ सालीं विधिपूर्वक खुली झाली. इंडिया गेटकडून पायीं निघालें म्हणजे एक मौज दिसते : जवळ जावें तसतसें ३४० दालनांचें राष्ट्रपतिभवन चढाआड लपूं लागतें. याच चढावरून त्याचा शिल्पज्ञ लट्येन्स आणि शेजारच्या सचिवालयांचा शिल्पज्ञ बेकर यांचें कायमचें बिनसलें. जवळच १९२७ सालचें वर्तुळाकार संसदभवन आहे. तेथें ९ डिसेंबर १९४६ रोजीं संविधानसभा प्रथम भरली, आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीं श्रीमती हंसा मेहता यांनीं भारतीय स्त्रियांच्या वतीनें राष्ट्रध्वज अर्पण केला. २०२३ पासून संसद शेजारच्या नव्या वास्तूंत भरते. जुन्या वास्तूस आतां संविधानसदन म्हणतात.

दुसरा दिवस हुमायूनच्या कबरीस द्यावा. पतीनें पत्नीसाठीं बांधलेला ताजमहाल सर्वांस ठाऊक असतो. त्याच्या कितीतरी आधीं, १५५६ मध्यें हुमायून वारल्यावर, त्याच्या विधवा बेगमेनें ही भव्य वास्तु उभविली, हें मात्र थोड्यांस माहीत असतें. पाटांनीं विभागलेल्या बागेंत सकाळचा वेळ फार प्रसन्न जातो. १८५७ सालीं बहादूरशहा येथेंच इंग्रजांच्या हातीं लागला.

तिसरे दिवशीं लाल किल्ला पाहावा. १६४८ मध्यें पूर्ण झालेल्या या किल्ल्यांतील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी भाऊसाहेबांनीं १७६० सालीं काढून तिचीं नाणीं पाडिलीं. सैन्याचा पगार थकला होता आणि पुण्याहून पैसा येत नव्हता. त्या छताखालीं उभें राहिलें म्हणजे पुढच्या जानेवारींतील पानिपतापूर्वीं आपल्या फौजेची केवढी ओढाताण चालली होती, याची कल्पना येते. मुलांस हा प्रसंग पुस्तकावरून सांगणें वेगळें आणि स्थळ पाहून येऊन सांगणें वेगळें.

व्यवहाराच्या दोन गोष्टी : लाल किल्ला आणि बरींच संग्रहालयें सोमवारीं बंद असतात. २००२ पासून चालूं झालेल्या मेट्रोगाडीनें बहुतेक स्थळांच्या जवळ जातां येतें. तिचा पहिला डबा स्त्रियांसाठीं राखीव असल्यानें एकटीनें फिरण्यास संकोच वाटूं नये. वैशाख-ज्येष्ठांतील ऊन मात्र टाळावें.

यांतून एक मोठा लाभ होतो. काम करणाऱ्यानें राजधानीचें फक्त बैठकीचें दालन आणि मोटारीची खिडकी पाहिलेली असते. रात्रीं जेवतांना शहराची हकीकत सांगण्याचा अधिकार सोबतीच्या माणसाकडे येतो, आणि नेहमीं बाहेरच्या जगाच्या वार्ता आणणारा तेवढ्या वेळापुरता श्रोता होतो. ज्या घरांत बाहेरचें सारें एकानेंच सांगावें आणि दुसऱ्यानें केवळ ऐकावें अशी वहिवाट पडलेली असते, तेथें हा पालट आम्हांस फार मोलाचा वाटतो.

म्हणून वडील मंडळींस आमची विनंति आहे कीं, चार दिवस स्वयंपाकघराची व्यवस्था आनंदानें पत्करावी, आणि घर कसें चाललें आहे हें दिवसांतून दहा वेळां दूरध्वनीनें कळवूं नये. कामास गेलेल्यानें शेवटच्या दिवशीं अर्धा दिवस मोकळा ठेवावा, आणि त्या दिवशीं वाट दाखविण्याचें काम सोबतीकडे सोंपवावें.