पांघरूण काढा

वणीतल्या एका कार्यक्रमात परवा एका वक्त्याने सांगितलं, की व्यसनी माणसाला घरच्यांनी अटी घालू नयेत. बायकोने सोसावं, आईने पदराखाली घ्यावं, तो आपोआप सुधारतो. हद्दी आखणं ही शहरातली थेरं. टाळ्याही पडल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

दारू शहरातच थांबली असती, तर थेरंही तिथेच राहिली असती.

आता हे सोसणं म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या कुठल्याही अशा घरात जाऊन पाहा. टोमॅटोची पट्टी हातात पडली की गडी दोन दिवस गायब. व्यापाऱ्याचा फोन आला की बायको सांगते, "त्यांना ताप आहे." गुत्त्यावरची उधारी ती दुसऱ्याच्या बागेत द्राक्षांची विरळणी करून फेडते. आई सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करते, भाऊ जामीन राहतो. सकाळी तो शुद्धीवर येतो तेव्हा ओकारी पुसलेली असते, घेणेकरी शांत असतात, चहा समोर असतो. त्याच्या पिण्याची किंमत सगळ्या घराने मोजलेली असते, एकटा तो सोडून. मग त्याने थांबावं तरी कशासाठी?

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या दारुड्या सुधाकरच्या बायकोने, सिंधूने, सोसण्यात काय कमी ठेवलं? लोकांची दळणं दळली. मूल गेलं, तीही गेली, सुधाकर सुटला नाही. शंभर वर्षं आपण तिच्यासाठी डोळे पुसतो आणि घरी येऊन सुनेला तिचाच कित्ता गिरवायला सांगतो.

गडावर नेऊन शपथ घालावी, हेही वक्ते म्हणाले. सप्तशृंगीवर माझी श्रद्धा आहे. पण व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर लागतो. आणि शपथ मोडली की देवीच्या कोपाच्या भीतीने उपास धरते ती पुन्हा बायकोच.

दारूबंदीच्या मतदानात बायका गावात आडव्या बाटलीसाठी मतं मागत फिरल्या, तेव्हाही हीच मंडळी म्हणत होती की या घरं मोडायला निघाल्यात. घरं दारूने मोडली होती.

हद्द आखायची ती आपल्या वागण्यावर. पैसे देणार नाही, उधारी फेडणार नाही, खोटं सांगणार नाही, जामीन राहणार नाही. हात उगारला तर पोरांना घेऊन बाहेर पडेन आणि 112 लावेन. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बायकोचा त्या घरात राहण्याचा हक्कही मान्य केला आहे. जेवण, दवाखाना, बोलणं सुरूच ठेवायचं. हे तो शुद्धीत असताना सांगायचं आणि पाळता येईल तेवढंच सांगायचं. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतं; तिथे बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण आजार घराचाही असतो. हद्द आखल्याने तो सुटेलच असं नाही. पण पोरांची फी गुत्त्यावर जाणार नाही.

दीरांनो, मामांनो, अशा बाईला "जरा सांभाळून घे" म्हणू नका. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. तो तिला लिहून द्या.