सीईटीचा अर्ज दुसऱ्याच्या हाती सोपवू नका

सावंतवाडी तालुक्यातील बारावी विज्ञानचे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील यांना जाहीर विनंती



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढे वाटतात, आणि ते वाटायलाच हवेत. २०२४ साली कोकण बोर्डाचा निकाल ९७.५१ टक्के लागला, २०२५ साली ९६.७४ टक्के, दोन्ही वर्षी राज्यात पहिला. पण मुलाला इंजिनिअरिंगला जायचे असेल तर त्या टक्क्यांचा उपयोग किती? खुल्या वर्गाला ठरलेल्या विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव वर्गाला ४०. ती रेघ ओलांडली की बारावीचे काम जवळजवळ संपते. पुढची गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर. नव्वद टक्केवाली मुलगी त्या यादीत साठ टक्केवाल्याच्या खाली असू शकते, आणि हे तिच्या घरी कळते ते जूनमध्ये.

सीईटीच्या अभ्यासावर बोलणारे पुष्कळ आहेत. हे पत्रक अर्जाबद्दल आहे, कारण आपली मुले अभ्यासाआधीच तिथे अडतात.

काजूचा हंगाम तोंडावर आलेला असतो, वडील बागेत, मुलगा प्रॅक्टिकलच्या गडबडीत. घरात एकच वाक्य ऐकू येते : "फॉर्म सायबरवालो भरतलो, तू कित्याक काळजी करतस?" सायबरवाला प्रामाणिक असतो, मी त्याला दोष देत नाही. पण शेवटच्या आठवड्यात त्याच्यासमोर रांग असते. तुमचा मुलगा गणिताचा गट (पीसीएम) देणार की जीवशास्त्राचा (पीसीबी), की दोन्ही, हे तो घाईत विचारतो. प्रवर्ग विचारतो. आणि मोबाइल नंबर व ईमेल पुष्कळदा स्वतःचाच टाकतो, कारण ओटीपी लगेच मिळतो.

घाटाच्या बाजूच्या गावातला एक मुलगा माझ्याकडे शिकत होता. सीईटी चांगली गेली. प्रवेशाच्या फेरीत कॉलेजांचे पर्याय भरायची वेळ आली, तेव्हा त्याच्याकडे पासवर्ड नव्हता. नवीन पासवर्डसाठी ओटीपी जात होता कॅफेवाल्याच्या फोनवर, आणि कॅफेवाला मुंबईला गेलेला, फोन बंद. बाप-लेक दोन दिवस एसटीने खाली-वर करत राहिले. तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा पर्याय भरायची मुदत उलटून गेली होती. त्याला पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला, पण हवी ती शाखा गेली होती. वर्षभराच्या मेहनतीचे मोल एका मोबाइल नंबरावर अडकले. त्या बापाचा चेहरा मी विसरलेलो नाही. हे पत्रक लिहायला बसलो ते त्याच्यामुळे.

म्हणून सांगतो, नंबर घरातला द्या, आणि पुढचे वर्षभर तो नंबर बदलू नका. ईमेल मुलाने स्वतः उघडावा. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही देवघराच्या फळीवर ठेवा. पैसे भरल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, तेव्हा पावती छापून घ्या. आणि मुदत दरवेळी वाढते म्हणून थांबू नका; वाढली तरी शेवटच्या रात्री आंबोली-चौकुळात रेंज असेलच याची हमी कोण देणार?

दाखल्यांचे तर आणखी कठीण. जातीचा दाखला असतो, जात वैधता प्रमाणपत्र नसते. नॉन-क्रीमीलेअर असते, पण प्रवेशाच्या वर्षाअखेर, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत, चालणारे नसते. सेतू, तहसील, प्रांत ऑफिस, ओरोसची पडताळणी समिती, या फेऱ्या निकालानंतर सुरू केल्या तर राखीव जागेवरचा हक्क खुल्या यादीत वाहून जातो. पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकायला हवा. आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव सारखे आहे का, हेही आजच पाहा.

मुलींच्या पालकांना वेगळे सांगायचे आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. म्हणजे सीईटी चुकली की नुसता प्रवेश जात नाही, फीमाफीही जाते. मुलीला "कशाला एवढे लांब पाठवायचे" म्हणत अर्जच न भरणाऱ्या घरांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणि सीईटीची ही गोष्ट फक्त सायन्सची राहिलेली नाही. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएसलाही सीईटी आली. कित्येकांना पत्ताच नव्हता. त्या वर्षी परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. कॉमर्सच्या पालकांनीही कान उघडे ठेवावेत.

अर्ज भरला तरी एक अडचण उरते. सायन्सची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. पीसीएम गटाला दीडशे प्रश्न, दोनशे गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी ज्या मुलाने माऊस कधी हातात धरलेला नाही, त्याची पहिली दहा मिनिटे पडद्याशी झटण्यात जातात. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सरावाची चाचणी असते. ती द्यायला संगणक कुठे मिळेल, हाच गावातल्या मुलाचा खरा प्रश्न.

इथे माझी मागणी ज्युनिअर कॉलेजांकडे आहे. सावंतवाडीत असोत की बांद्यात, आपल्या प्रत्येक कॉलेजात संगणकांची खोली आहे. नोंदणी सुरू असते त्या दिवसांत ती दुपारी दोन तास उघडी ठेवा. एक शिक्षक बसवा. मुलाने अर्ज स्वतः भरावा, शिक्षकाने फक्त शेजारी उभे राहावे. श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थेनेही एखादा रविवार यासाठी दिला तर गावोगावची मुले बाजाराला येतात तशी तिथे येतील. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. बारावीच्या निकालाचे फलक चौकात लावणाऱ्या संस्थांनी एवढे केलेच पाहिजे, आणि पालक सभेत तुम्ही ते मागितलेच पाहिजे.

पुढची पालक सभा चुकवू नका. उठून विचारा : सीईटीच्या अर्जासाठी संगणकाची खोली कोणत्या तारखेपासून उघडणार? तारीख मिळाल्याशिवाय खाली बसू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी